पात्रातल्या गुहेतून भूजलभरण: पाणी आत कधी घ्यायचं आणि कधी अडवायचं

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन शहराच्या दक्षिणेला ब्युडा नावाचं गाव आहे. गावाजवळून ओनियन क्रीक हा ओढा जातो आणि त्याच्या पात्रातच अँटिऑक ही गुहा आहे. ओढा वाहू लागला की पाणी या गुहेत शिरतं, चुनखडीच्या खडकातल्या भेगा-बोगद्यांतून उत्तरेकडे सरकतं आणि ऑस्टिनच्या मध्यावर, झिल्कर उद्यानात, बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांतून पुन्हा बाहेर येतं. वाटेतल्या शेकडो विहिरीही याच पाण्यावर चालतात.

या भूजलाची काळजी घेणारी एक स्थानिक सरकारी संस्था १९८७ पासून आहे: बार्टन स्प्रिंग्ज/एडवर्ड्स ॲक्विफर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट. तिने अँटिऑकच्या तोंडावर काँक्रीटची कोठी बांधली, कोठीला व्हॉल्व्ह बसवले आणि पुढे ते पाण्याच्या गढूळपणानुसार आपोआप उघडतील-मिटतील अशी सोय केली. हा लेख त्या कामाच्या आधाराने लिहिला आहे. ओढ्याकाठी किंवा पात्रात असं एखादं विवर असेल, तर त्यातून पाणी मुरवायचं आणि भूजल खराबही होऊ द्यायचं नाही, हे कसं साधायचं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

एक गोष्ट आधीच मांडतो. अशा जागी बहुतेकांचं पहिलं लक्ष 'जास्तीत जास्त पाणी आत कसं जाईल' याकडे असतं. पाणी तर जातच असतं, गुहा हजारो वर्षं तेच करते आहे. माणसाने करायचं काम वेगळं आहे: नको ते पाणी नको त्या वेळी बाहेर ठेवणं.

चुनखडीत गाळणी नसते

वाळूच्या किंवा मातीच्या थरातून पाणी मुरतं तेव्हा गाळ वर अडकतो आणि बरेचसे जंतू वाटेत मरतात. चुनखडीत तसं घडत नाही. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होतं. ते खडक हळूहळू विरघळवतं, भेगा रुंदावतात आणि त्यांच्या नळ्या, पुढे बोगदे होतात. ओल्या काळात एडवर्ड्स जलधरातल्या, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या इथल्या चुनखडीच्या थरातल्या, मुख्य वाटांनी पाणी दिवसाला काही मैल धावतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं भूजल वर्षात जेवढं सरकेल, तेवढं ते एका दुपारी सरकतं. म्हणजे सोमवारी ओढ्यात सांडलेलं डिझेल त्याच आठवड्यात कोणाच्या तरी नळाला येऊ शकतं.

मग गुहेच्या तोंडाशी वाळूची गाळणी का बांधू नये? हिशोब करून पाहा. सेकंदाला ५० घनफूट, म्हणजे ५० क्युसेक पाणी धरू. अँटिऑकसारख्या मोठ्या विवराला हा प्रवाह जड नाही. ५० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १,४०० लिटर, तासाला सुमारे ५,१०० घनमीटर. मंद वाळू-गाळणीतून पाणी ताशी साधारण २० सेंटिमीटर वेगाने उतरतं. तेवढ्यासाठी गाळणीचा पृष्ठभाग २५ हजार चौरस मीटर, म्हणजे सहा एकरांहून थोडा जास्त लागेल. तोही पुराच्या पात्रात, आणि पहिल्याच पुरात तो गाळाने बुजणार. म्हणून गाळणीचा नाद सोडायचा आणि दार बसवायचं.

पहिलं काम: पात्र कुठे किती पाणी पितं ते मोजणं

बार्टन स्प्रिंग्जच्या जलधराला पाणी देणारे मुख्य ओढे सहा: बार्टन, विल्यमसन, स्लॉटर, बेअर, लिटल बेअर आणि ओनियन. वरच्या अंगाला ते वाहते दिसतात, पण चुनखडीच्या पुनर्भरण पट्ट्यात शिरले की आटतात. तिथे कोणता ओढा कुठे किती पाणी गमावतो हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पद्धत जुनीच आहे. प्रवाह स्थिर असलेला दिवस निवडा. पूर ओसरत असताना मोजलेले आकडे फसवतात, कारण वरच्या आणि खालच्या जागी एकाच वेळी वेगवेगळं पाणी असतं. पात्राचा आडवा छेद घ्या, त्याचे वीस-पंचवीस भाग करा, प्रत्येक भागाची खोली आणि वेगमापकाने वेग मोजा, गुणाकारांची बेरीज करा. समजा गुहेच्या वर ८० क्युसेक भरले आणि दोन मैल खाली ३५. मधे एखादा ओहोळ मिळत नसेल तर ४५ क्युसेक जमिनीत गेले. पण ते सगळे गुहेत गेले असं समजू नका, पात्रातल्या बारीक भेगाही पाणी पितात. गुहेच्या अगदी वर आणि अगदी खाली आणखी दोन छेद घेतले की तिचा स्वतःचा वाटा कळतो. तो किरकोळ निघाला तर दार बांधण्याचा खर्च वाया जाईल. सरळ वरच्या अंगाची जमीन राखण्याकडे वळा.

दुसरं: पाणी जातं कुठे

यासाठी पाण्यात निरुपद्रवी चमकणारा रंग सोडतात, बहुधा फ्लुओरेसिन, इओसिन किंवा ऱ्होडामिन. झऱ्यांत आणि विहिरींत कोळशाच्या बारीक पिशव्या टांगून ठेवतात. कोळसा रंग शोषून घेतो. ठरावीक दिवसांनी पिशव्या बदलायच्या आणि प्रयोगशाळेत तपासायच्या. डोळ्याला न दिसणारी मात्राही त्यात सापडते. बार्टन स्प्रिंग्जच्या परिसरात ऑस्टिन शहर आणि डिस्ट्रिक्टने अशा अनेक चाचण्या केल्या आणि ओनियन क्रीकचं पाणी बार्टन स्प्रिंग्जपर्यंत पोचतं हे त्यांतून दिसलं.

रंग सोडण्याआधी आसपासच्या प्रत्येक विहीरमालकाला कळवा. नळाला हिरवं पाणी आल्यावर लोक समजुतीचं ऐकत नाहीत. आणि रंग टाकण्याआधीच किमान एकदा कोरे नमुने घेऊन ठेवा. सांडपाण्यातही चमकणारे पदार्थ असतात, आधीचा पाया नसेल तर चाचणीचा निकाल कुणीही खोडू शकतो.

तिसरं: परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. नैसर्गिक विवरात सुधारणा करून त्यातून पाणी खाली सोडलं तर अमेरिकी कायद्याच्या नजरेत ती 'पाचव्या वर्गाची' भूमिगत विहीर ठरू शकते आणि टेक्सासमध्ये तिचा कारभार राज्याच्या पर्यावरण खात्याकडे असतो. पात्रात भराव किंवा काँक्रीट टाकायचं तर लष्कराच्या अभियंता विभागाला विचारावं लागतं. बार्टन स्प्रिंग्जमधला सॅलमँडर हा छोटा उभयचर १९९७ पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे वन्यजीव खातंही आलं.

टेक्सासच्या कायद्याची एक गंमत यात आहे. पात्रातून वाहणारं पाणी राज्याचं. तेच पाणी गुहेतून जमिनीत उतरलं की वरच्या जमीनमालकाचं. पाणी तेच, पण दहा फूट खाली गेल्यावर त्याचा सातबारा बदलतो. म्हणून जमीनमालकाशी लेखी करार आणि कायमचा प्रवेशहक्क आधी घ्या. जमीन विकली गेल्यावर नव्या मालकाने फाटकाला कुलूप लावलं तर आतलं यंत्र कोण पाहणार?

चौथं: गुहेची साफसफाई

पुरांनी गोटे, ओंडके, काटेरी तारा, कधी टायर असं सगळं तोंडात कोंबलेलं असतं. ते हाताने काढावं. जेसीबीसारखं यंत्र तोंडापर्यंत नेलं तर वरचा खडक ढासळू शकतो आणि बारीक माती आत लोटली जाते. अनुभवी गुहा-भ्रमंती करणारे सोबत हवेतच, कारण आत दोन धोके आहेत. पहिला हवेचा. मध्य टेक्सासच्या गुहांमध्ये, विशेषतः उन्हाळ्यात, कार्बन डायऑक्साइड साचतो. वायूमापक यंत्राशिवाय कुणी उतरू नये. दुसरा पाण्याचा. वरच्या अंगाला वीस मैलांवर पाऊस झाला असेल आणि इथे ऊन असेल, तरीही ओढा येऊ शकतो. वरच्या प्रवाहमापक केंद्राचे आकडे पाहत बसणारा एक माणूस बाहेर असावा, दुसरं काम त्याला देऊ नये.

आत सापडणारे डोळे नसलेले कीटक आणि कोळी जिथे असतील तिथेच राहू द्या. किती आणि कुठपर्यंत खणायचं हे जीवशास्त्रज्ञाला विचारूनच ठरवा.

पाचवं: कोठी

तोंडाभोवती खडकात सळ्या रोवून काँक्रीटची चौकोनी कोठी उभी करतात. तिच्या भिंतींत पाणी आत घेण्याची भोकं असतात आणि त्यांवर मोठे व्हॉल्व्ह. बांधताना ज्या गोष्टी हमखास चुकतात त्या अशा. पाणी घेणारं भोक पात्राच्या तळापेक्षा थोडं उंच हवं, नाहीतर तळावरून घरंगळणारे गोटे व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि तो नेमका गरजेच्या वेळी पूर्ण मिटत नाही. जाळी आडव्या-उभ्या तारांची नको, जाड लोखंडी गजांची आणि तिरकी हवी, म्हणजे पाणी वाढताना पालापाचोळा तिच्यावरून वर सरकतो. हवेसाठी पाइप ठेवा. कोठी एकदम भरली की आतल्या हवेला वाट लागते, आणि व्हॉल्व्ह झटकन मिटला की मागे निर्वात पोकळी होते. शिवाय गुहा श्वास घेते, आतली ओल आणि हवा बदलली तर आतले जीव मरतात.

कोठी पुराखाली बुडणारच असं धरून चाला. ओनियन क्रीक हा साधा ओढा दिसतो, पण ऑक्टोबर २०१३ च्या हॅलोवीनच्या पुरात ऑस्टिनच्या आग्नेय भागात त्याची पातळी ४० फुटांच्या वर गेली, घरं वाहिली, माणसं दगावली. म्हणून नियंत्रक, बॅटरी आणि सौर पॅनेल काठावर उंच खांबावर बसवायचं, कोठीत नाही. व्हॉल्व्ह हलवायला दाबलेली हवा वापरली तर पाण्याखाली विजेची मोटर ठेवावी लागत नाही.

सहावं: उघडायचं कधी, मिटायचं कधी

खरी बुद्धी इथे लागते. पाऊस पडून ओढ्याला पाणी येतं तेव्हा पहिला लोंढा सगळ्यांत घाण असतो. कोरड्या काळात रस्त्यांवर साचलेलं तेल, कुरणांतलं शेण, अंगणातली खतं, उघड्या मातीचा गाळ, सगळं त्याच्याबरोबर येतं. नंतर पाणी निवळतं आणि ओढा कित्येक दिवस, कधी आठवडे, बऱ्यापैकी स्वच्छ वाहत राहतो.

आता पुन्हा हिशोब. ओढा तीन आठवडे वाहिला, म्हणजे ५०४ तास. त्यातले पहिले १२ तास दार मिटलेलं ठेवलं तर वेळेच्या हिशोबाने सुमारे २.४ टक्के पाणी गमावलं. पण त्या लोंढ्यात लिटरला २०० मिलिग्रॅम गाळ असेल, तर ५० क्युसेकने दिवसभरात जवळजवळ २४ टन गाळ गुहेत गेला असता, म्हणजे त्या १२ तासांतच १२ टन. एवढा गाळ गुहेबाहेर ठेवायला अडीच टक्के पाणी ही स्वस्त किंमत आहे. 'पाणी वाया गेलं' म्हणून हळहळणाऱ्यांना हेच आकडे दाखवावेत.

गढूळपणा मोजायचं एकक एनटीयू. तुलनेसाठी सांगायचं तर भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला १ एनटीयू चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ५. पुराचं पाणी शेकड्यांत, कधी हजारांत जातं. मर्यादा ठरवताना दुसऱ्या ओढ्याचा आकडा उचलू नका. आपल्या ओढ्यातले पाण्याचे नमुने तीन-चार पुरांत घ्या, गढूळपणासोबत गाळ, ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू), फॉस्फरस आणि नायट्रेट तपासा आणि गढूळपणा कितीच्या पुढे गेला की बाकीचंही उसळतं ते आलेखावर पाहा.

नियम दोन आकड्यांचा ठेवा, एकाचा नको. समजा १०० एनटीयूला मिटायचं. पुन्हा उघडायचं मात्र ९९ वर नाही, ५० च्या खाली येऊन काही तास तिथेच टिकल्यावर. नाहीतर पाणी मर्यादेच्या आसपास खेळत असताना व्हॉल्व्ह रात्रभर उघडझाप करतो आणि हवेची टाकी रिकामी होते. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्हीच काढा.)

ओढा कोरडा असताना दार कसं ठेवायचं? माझं मत ठाम आहे: मिटलेलं. कोरड्या पात्रात पुढे जे पहिलं पाणी येणार, ते घाणेरडंच येणार. त्यासाठी पाणीपातळीचा सेन्सर वेगळा हवा, कारण कोरड्यात लटकणारा गढूळपणाचा सेन्सर काहीही आकडे दाखवतो. वीज गेली, तार तुटली, सेन्सर गप्प झाला, तरी व्हॉल्व्ह आपोआप मिटला पाहिजे.

सेन्सर कोठीतल्या साचलेल्या पाण्यात बसवू नका, तिथे गाळ खाली बसतो आणि पाणी खोटंच निवळ दिसतं. तो वाहत्या प्रवाहात, गुहेच्या थोडा वर हवा. काचेवर शेवाळ चढतं, म्हणून पुसणारा ब्रश असलेला सेन्सर घ्या आणि प्रमाणित द्रावणाने नियमित तपासा. सोबत विद्युतवाहकता आणि तापमानही नोंदवा. पावसाचं पाणी आत शिरलं की वाहकता घसरते, आणि तीच घसरण पुढे जवळच्या विहिरींत दिसली तर पाणी कुठे आणि किती वेगाने पोचलं याचा फुकट पुरावा मिळतो.

दार जे अडवू शकत नाही

गढूळपणा फक्त न विरघळलेलं दाखवतो. गाळाला चिकटून येणारे जंतू, फॉस्फरस आणि डांबरी पदार्थ त्याच्याबरोबर अडतात. नायट्रेट, मीठ आणि बरीचशी विरघळणारी कीटकनाशकं काचेसारख्या स्वच्छ पाण्यातूनही निघून जातात आणि सेन्सर हिरवा दिवा दाखवत राहतो. म्हणूनच वरच्या अंगाच्या ड्रिपिंग स्प्रिंग्ज शहराने प्रक्रिया केलेलं सांडपाणी ओनियन क्रीकच्या खोऱ्यात सोडण्याचा परवाना मागितला, तेव्हा त्यावरून दीर्घ कोर्टकचेरी झाली. असं पाणी निवळ असतं, तक्रार त्यातल्या पोषकद्रव्यांची असते.

ही बाजू गुहेपाशी सुटत नाही. ऑस्टिनच्या मतदारांनी १९९२ मध्ये पाणलोटातल्या बांधकामावर कडक बंधनं घालणारा 'सेव्ह अवर स्प्रिंग्ज' नियम मंजूर केला, १९९८ मध्ये जमीन आणि हक्क विकत घेण्यासाठी ६.५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना होकार दिला. पार्किंगवर फासल्या जाणाऱ्या कोळसा-डांबराच्या लेपावर बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर, २००६ पासून. गुहेच्या दारावर खर्च करणाऱ्यांनी याच्याही बैठकांना जावं.

पुरानंतर

पाणी ओसरलं की दोन दिवसांत माणूस गेलाच पाहिजे. जाळी साफ करणं, व्हॉल्व्ह हाताने एकदा पूर्ण मिटवून-उघडून पाहणं, हवेचा दाब, बॅटरी, सेन्सरची काच, नोंदींची प्रत काढून घेणं. गुहेत शिरणाऱ्या पाण्याचा भोवरा ताकदवान असतो, प्रवाह चालू असताना जाळीवर पाय ठेवायचा नाही. बांधकामाला अनुदान मिळतं, फीत कापायला माणसं येतात. ब्रश आणि बॅटऱ्यांसाठी कुणी येत नाही. किमान दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद कागदावर असल्याशिवाय काँक्रीट ओतू नये असं मला वाटतं.

आपल्याकडे

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, अशा गुहा त्यात नाहीत. चुनखडी आहे ती मुख्यतः यवतमाळ-चंद्रपूरकडे, वणी, कोरपना, गडचांदूरच्या पट्ट्यात, जिथे सिमेंटचे कारखाने उभे आहेत. तिथे नाला एकाएकी जमिनीत गडप होत असेल तर वर लिहिलेली मोजणी आणि रंगाची चाचणी जशीच्या तशी लागू पडते.

बाकी राज्यातही एक काम याच जातीचं चाललं आहे: नाल्याचं किंवा शेताचं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं. बोअर म्हणजे माणसाने पाडलेलं विवरच, मधे मातीची गाळणी नसलेलं. बेसॉल्टच्या भेगा चुनखडीपेक्षा फार बारीक, त्यामुळे इथे पाणी खराब होण्याच्या आधी भेगाच गाळाने बुजतात आणि त्या पुन्हा मोकळ्या करणं फार अवघड असतं. प्रवाह मात्र लहान असतो, म्हणून इथे गाळणी परवडते: बोअरभोवती दगड, खडी आणि वाळूचे थर असलेला खड्डा आणि त्याच्याही आधी गाळ बसायला एक वेगळा खड्डा. येणाऱ्या पाइपावर एक साधा व्हॉल्व्ह आणि बाजूला पाणी काढून देणारी चारी हवीच. मृगाचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस चारीने जाऊ द्यायचे, काचेच्या बाटलीत पाणी धरून आरपार दिसू लागलं की व्हॉल्व्ह उघडायचा. फवारणी केलेल्या कापसाच्या रानातलं पाणी मात्र कितीही निवळ दिसलं तरी बोअरमध्ये घेऊ नये, आणि त्याच बोअरचं पाणी घरी पिण्यात असेल तर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेकदा नमुना तपासून घ्यावा.